वाहतुकीचा प्रवाह : रस्त्यावरील गर्दीचे शास्त्र

प्रस्तावना

महामार्गावरून भरधाव निघालेली बस अचानक मंदावते. पुढे वाहनांची लांबच लांब रांग दिसू लागते. पंधरा-वीस मिनिटे मुंगीच्या पावलांनी सरकल्यावर रस्ता एकाएकी मोकळा होतो आणि बस पुन्हा वेग घेते. प्रवासी कुतूहलाने खिडकीबाहेर डोकावतात. परंतु कोठे अपघात झालेला नसतो, कोठे वाहन बंद पडलेले नसते, रस्त्याचे कामही चालू नसते. मग एवढा वेळ खोळंबा कशामुळे झाला? कोंडी आली कोठून आणि गेली कोठे?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. कामावर उशिरा पोहोचणाऱ्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, परीक्षार्थीची वेळ चुकते, रुग्णवाहिकेतील रुग्णाचा जीव टांगणीला लागतो. म्हणूनच गेली सुमारे नव्वद वर्षे अभियंते, गणितज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ रस्त्यावरील गर्दीचा पद्धतशीर अभ्यास करीत आहेत. त्या अभ्यासाची ओळख या पाठातून होते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –

• प्रवाह, घनता आणि वेग या तीन संज्ञांचा अर्थ व परस्परसंबंध सांगू शकाल;
• कोणतेही दृश्य कारण नसताना कोंडी कशी निर्माण होते, हे स्पष्ट करू शकाल;
• भारतीय रस्त्यांवरील मिश्र वाहतूक मोजण्याची पद्धत समजावून घेऊ शकाल;
• मोजणीची पद्धत आणि रस्त्याची रचना यांतील संबंधावर स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

१. मोजणीपासून प्रारंभ

कोणत्याही शास्त्राची सुरुवात निरीक्षणाने आणि मोजणीने होते. वाहतुकीच्या अभ्यासातील सर्वांत साधी पद्धत म्हणजे रस्त्याच्या कडेला बसून कागदावर रेघा ओढणे. एक वाहन गेले की एक उभी रेघ, पाचव्या वाहनाला चार रेघांना छेदणारी आडवी रेघ. या पद्धतीने आजही अनेक ठिकाणी वाहने मोजली जातात. पुढे रस्त्यावर आडवी टाकलेली रबरी नळी आली. चाक तिच्यावरून गेले की नळीतील हवेचा दाब वाढतो आणि यंत्रात नोंद होते. त्यानंतर रस्त्याखाली पुरलेली तारेची वेटोळी, चलच्चित्रण आणि अलीकडे प्रवाशांच्या मोबाइल फोनवरून मिळणारी माहिती अशी साधने वापरात आली.

या सर्व साधनांनी मुख्यतः तीन गोष्टी मोजल्या जातात. एका ठिकाणावरून तासाभरात जितकी वाहने जातात, त्या संख्येस ‘प्रवाह’ म्हणतात. एक किलोमीटर लांबीच्या रस्त्यावर एका क्षणी जितकी वाहने असतात, ती ‘घनता’ होय. वाहने सरासरी ज्या गतीने पुढे जातात, तो त्यांचा ‘वेग’. या तिन्ही राशी एका साध्या सूत्राने जोडलेल्या आहेत :

प्रवाह = घनता × वेग

वेग आणि घनता यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे शोधण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न ब्रूस ग्रीनशील्ड्स या अमेरिकन अभियंत्याने केला. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी ओहायो राज्यातील रस्त्यांच्या कडेला चलच्चित्राचा कॅमेरा उभा केला आणि ठरावीक अंतराने छायाचित्रे घेतली. लागोपाठच्या दोन चित्रांत मोटार किती सरकली यावरून तिचा वेग कळे, तर चित्रातील मोटारींच्या संख्येवरून घनता कळे. निरीक्षणे मोजकीच होती. परंतु त्यांतून एक स्पष्ट नियम पुढे आला. घनता वाढत जाते, तसतसा वेग कमी होत जातो.

सोयीसाठी काही आकडे घेऊन हा नियम पडताळता येईल. समजा, एका मार्गिकेवर रस्ता पूर्ण मोकळा असताना वेग ताशी ६० कि.मी. आहे आणि दर किलोमीटरला १२० वाहने झाली की सर्व वाहने ठप्प होतात. तर ग्रीनशील्ड्स यांच्या नियमानुसार –

घनता ३० असता वेग ४५, म्हणून प्रवाह ताशी १३५० वाहने;
घनता ६० असता वेग ३०, म्हणून प्रवाह ताशी १८०० वाहने;
घनता ९० असता वेग १५, म्हणून प्रवाह ताशी १३५० वाहने.

पहिल्या आणि तिसऱ्या ओळीतील प्रवाह सारखाच आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तासाभरात तितकीच वाहने पुढे जातात. परंतु एका स्थितीत प्रवास सुखाचा होतो आणि दुसऱ्या स्थितीत जीव मेटाकुटीला येतो. म्हणजेच ठरावीक मर्यादेपलीकडे रस्त्यावर आणखी वाहने आली, तर रस्ता जास्त वाहने वाहून नेत नाही. उलट कमीच नेतो.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(१) एक किलोमीटर रस्त्यावर एका क्षणी असलेल्या वाहनांची संख्या म्हणजे – (अ) प्रवाह (आ) घनता (इ) वेग
(२) घनता ४० व वेग ताशी ४० कि.मी. असता प्रवाह – (अ) ८० (आ) १००० (इ) १६००

२. नदी आणि रस्ता

१९५५ साली जेम्स लाइटहिल आणि जेरल्ड व्हिथम या दोन ब्रिटिश गणितज्ञांनी एकाच विषयावर दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. पहिला निबंध लांब नद्यांमधून पुराचे पाणी कसे पुढे सरकते याविषयी होता, तर दुसरा गर्दीच्या लांब रस्त्यांवरील वाहतुकीविषयी. नदी आणि रस्ता यांचा असा जोडीने विचार करण्यामागे एक निश्चित भूमिका होती. पाणी असो वा वाहने, वाटेत ती आपोआप निर्माण होत नाहीत किंवा नाहीशी होत नाहीत. रस्त्याच्या एखाद्या तुकड्यात जितकी वाहने शिरली आणि त्यातून जितकी बाहेर पडली, त्यांतील फरकाइतकीच तेथील गर्दी वाढते वा घटते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील पॉल रिचर्ड्स यांनीही स्वतंत्रपणे असाच सिद्धान्त मांडला.

या सिद्धान्ताने एक विलक्षण गोष्ट उघड केली. वाहने पुढे जात असली, तरी कोंडी मागे सरकत असते. याचे कारण सोपे आहे. कोंडीत अडकलेल्या रांगेच्या तोंडाशी असलेले वाहन सुटून पुढे जाते, त्याच वेळी शेपटाकडे नवीन वाहन येऊन उभे राहते. रांगेतील वाहने बदलत राहतात आणि रांग मात्र मागे मागे जाते. एक वाहन सुटल्यानंतर दुसरे सुटण्यास साधारण दीड सेकंद लागतो आणि प्रत्येक वाहन मोकळ्या जागेसह सुमारे साडेसात मीटर रस्ता व्यापते, असे धरले तर कोंडीचे तोंड दर सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ कि.मी. वेगाने मागे सरकते. प्रत्यक्ष महामार्गांवर मोजलेला वेगही याच्या आसपासच असतो. प्रारंभी वर्णन केलेल्या बसमधील प्रवाशांना कोंडीचे कारण का दिसले नाही, याचे उत्तर येथे मिळते. कोंडी जेथे जन्मली ती जागा कित्येक किलोमीटर पुढे होती आणि कदाचित तासापूर्वीच मोकळी झाली होती.

३. चालकाचा दीड सेकंद

नदीच्या उपमेला एक मर्यादा आहे. पाण्याच्या थेंबाला डोळे नसतात, भीती नसते, घाईही नसते. वाहन मात्र माणूस चालवितो. म्हणून काही संशोधकांनी संपूर्ण प्रवाहाऐवजी एकेका चालकाच्या वर्तनाकडे लक्ष वळविले. त्यांत रॉबर्ट हर्मन हे नाव महत्त्वाचे आहे. हर्मन हे मुळात भौतिकशास्त्रज्ञ. विश्वाच्या जन्मकाळापासून उरलेले मंद प्रारण आजही सर्वत्र असले पाहिजे, हे भाकीत १९४८ साली राल्फ आल्फर यांच्यासमवेत त्यांनी केले होते. पुढे १९५६ साली ते मोटारी बनविणाऱ्या जनरल मोटर्स या कंपनीच्या संशोधनशाळेत गेले आणि वाहतुकीच्या अभ्यासात रमले.

हर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकामागून एक जाणाऱ्या दोन मोटारी तारेने जोडल्या. मागच्या मोटारीवरील रिळाला गुंडाळलेली ही तार अंतर वाढले की उलगडे आणि कमी झाले की गुंडाळली जाई. त्यामुळे दोन्ही मोटारींतील अंतर आणि वेगातील फरक क्षणोक्षणी नोंदता येई. त्यावरून असे आढळले, की चालक मुख्यतः पुढच्या वाहनाच्या आणि आपल्या वेगातील फरक पाहून गती वाढवितो वा घटवितो. मात्र तसे करण्यास त्याला साधारण दीड सेकंद लागतो. हा अवधी क्षुल्लक वाटतो. परंतु ताशी ६० कि.मी. वेगाने जाणारी मोटार तेवढ्यात २५ मीटर पुढे गेलेली असते.

या विलंबातच कोंडीचे बीज आहे. पहिला चालक किंचित ब्रेक दाबतो. दुसऱ्याला ते उशिरा कळते, म्हणून तो अधिक जोराने दाबतो. तिसरा त्याहूनही जोराने. अशी साखळी मागे पोहोचता पोहोचता एखाद्या वाहनाला पूर्ण थांबावे लागते. पहिला चालक तोवर निर्धास्तपणे पुढे निघून गेलेला असतो. आपल्यामुळे मागे काय घडले, याची त्याला वार्ताही नसते.

४. बावीस मोटारींचे वर्तुळ

१९९२ साली जर्मनीतील काई नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग यांनी हीच कल्पना संगणकावर अत्यंत साध्या रूपात मांडली. त्यांनी रस्त्याचे साडेसात मीटरचे घर याप्रमाणे भाग पाडले. एका घरात एकच मोटार. प्रत्येक सेकंदाला प्रत्येक मोटार ठरावीक नियम पाळते : शक्य असेल तर वेग एका टप्प्याने वाढवावा, पुढच्या मोटारीपर्यंत जितकी घरे रिकामी असतील त्याहून अधिक वेग ठेवू नये, आणि कधी कधी, काही कारण नसतानाही, वेग एका टप्प्याने कमी करावा. त्यानंतर त्या वेगाइतकी घरे पुढे जावे. तिसरा नियम म्हणजे माणसाच्या स्वभावाचे प्रतिबिंबच. क्षणभर लक्ष विचलित होते, पाय सैलावतो आणि वेग उतरतो. हा नियम वगळला तर मध्यम गर्दीतही वाहने अखंड चालत राहतात. तो ठेवला की संगणकाच्या पडद्यावर मागे सरकणाऱ्या कोंड्या दिसू लागतात.

संगणकावर जे दिसले ते प्रत्यक्षात घडते का, हा प्रश्न उरला होता. जपानमधील नागोया विद्यापीठाचे युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर प्रयोगाने दिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सारख्या अंतरावर उभ्या केल्या गेल्या. ताशी ३० कि.मी. वेगाने पुढच्या मोटारीमागून सुरक्षितपणे चालत राहावे, एवढीच सूचना चालकांना होती. मार्गावर चौक नव्हता, सिग्नल नव्हता, अरुंद पूल नव्हता की खड्डाही नव्हता. आरंभी सर्व मोटारी सुरळीत फिरल्या. थोड्याच वेळात अंतरांत बारीक फरक पडू लागले आणि पाहता पाहता काही मोटारी पूर्ण थांबल्या. थांबलेल्या मोटारींचा हा पुंजका ताशी सुमारे २० कि.मी. वेगाने मागे मागे सरकू लागला. कोणाचीही चूक नव्हती. तरीही कोंडी झाली होती.

पुढे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात असाच प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. सुमारे वीस मोटारींपैकी केवळ एका मोटारीचा वेग स्वयंचलित यंत्रणेने असा सांभाळला, की ती पुढे मोकळी जागा दिसताच झेप घेत नसे आणि एकदम थांबतही नसे. त्या एका संयमी मोटारीमुळे मागची लाट विरून गेली आणि सर्वांचे मिळून इंधनही वाचले.

पाठगत प्रश्न २

चूक की बरोबर ते सांगा.
(१) वाहने पुढे जात असताना कोंडीही पुढे सरकते.
(२) सुगियामा यांच्या प्रयोगात कोंडी अरुंद पुलामुळे झाली.
(३) कोंडीचे बीज चालकाच्या विलंबित प्रतिसादात असते.

५. भारतीय रस्त्यांवरील मिश्र वाहतूक

आतापर्यंत पाहिलेल्या बहुतेक प्रतिमानांमध्ये एक गृहीत दडलेले आहे. सर्व वाहने जवळजवळ सारखी असून ती आपापल्या मार्गिकेत एकामागून एक जातात, असे त्यांत मानले आहे. भारतीय रस्त्यावर मात्र बस, ट्रक, मोटार, रिक्षा, स्कूटर, सायकल, हातगाडी आणि प्रसंगी बैलगाडीही एकत्र चालते. दुचाकी दोन वाहनांमधल्या फटीतून वाट काढते. चौकात लाल दिवा लागला की रांग उभी राहत नाही, तर मिळेल त्या जागेत वाहने दाटीने भरतात. अशा ठिकाणी ‘पुढचे वाहन’ नेमके कोणते, हेच ठरविणे कठीण असते.

या मिश्र वाहतुकीची मोजणी करण्यासाठी प्रवासी मोटार हे एकक मानले जाते. एखादे वाहन रस्त्यावर किती मोटारींइतका अडथळा करते, यावरून त्याचे मूल्य ठरते. इंडियन रोड्स काँग्रेस या १९३४ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९९० साली शहरी रस्त्यांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, एखाद्या प्रकारच्या वाहनांचे प्रमाण दहा टक्के वा अधिक असेल तेव्हा मोटारीस १, दुचाकीस ०.७५, सायकलीस ०.५, रिक्षास २ आणि बस वा ट्रकला ३.७ असे मूल्य दिले आहे. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या तत्त्वांत मोठ्या बैलगाडीचे मूल्य ८ आहे. कारण ती आकाराने मोठी असते म्हणून नव्हे, तर तिच्या मंद गतीमुळे मागची वाहने अडून राहतात म्हणून.

ही मूल्ये सर्वत्र आणि सर्वकाळ सारखी राहत नाहीत. रस्त्याची रुंदी, गर्दी आणि वेग यांनुसार ती बदलतात. म्हणून नवी दिल्ली येथील केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने देशातील अनेक शिक्षणसंस्थांच्या सहकार्याने भारतीय परिस्थितीतील रस्त्यांच्या क्षमतेचा व्यापक अभ्यास केला आणि २०१७ साली त्यावर आधारित पुस्तिका प्रसिद्ध झाली.

६. मोजायचे कोणाला?

मोजणी निःपक्षपाती असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः काय मोजायचे हे ठरविताच निम्मा निर्णय होऊन जातो. वरील मूल्यांनुसार एक बस रस्त्यावर ३.७ मोटारींइतकी जागा अडविते. केवळ एवढेच पाहिले, तर बस हाच गर्दीचा मोठा दोषी ठरतो. परंतु त्या बसमध्ये ४० प्रवासी आहेत, असे धरू. हेच ४० जण मोटारीत दोघे-दोघे बसून निघाले, तर २० मोटारी, म्हणजे २० एकके रस्ता लागेल. एकेकटे दुचाकीवरून निघाले, तर ३० एकके लागतील. वाहने मोजली की बस अडथळा दिसते. माणसे मोजली की तीच बस रस्त्याचा सर्वांत काटकसरीचा उपयोग ठरते.

पायी चालणाऱ्याचे काय? त्याच्यासाठी पदपथांची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत. परंतु वाहनांच्या तक्त्यात त्याला स्थान नाही. केवळ तो तक्ता पाहून रस्ता रुंद केला, तर रुंदीसाठी पदपथच कापला जाण्याचा संभव असतो. मग शाळेत जाणारी मुले, बाजाराची पिशवी घेतलेली वृद्धा आणि पाळी संपवून परतणारा कामगार यांना वाहनांच्या गर्दीतूनच वाट काढावी लागते. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने म्हणूनच वाहनांच्या नव्हे, तर माणसांच्या प्रवासाला महत्त्व देण्याचे तत्त्व स्वीकारले.

समीकरणे, संगणक आणि कॅमेरे यांनी गर्दीचे अनेक कोडे उलगडले आहे. कोंडी ही नेहमीच कोणा एकाची चूक नसते, हे त्यांनी दाखवून दिले. आणि एकाच चालकाचा संयम अनेकांना उपयोगी पडतो, हेही सिद्ध केले. परंतु रस्ता कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर समीकरण देत नाही. ते समाजानेच द्यावयाचे असते. गणिताचे काम एवढेच, की ते उत्तर देताना कोणाचीही गणना राहून जाऊ नये.

सारांश

• प्रवाह हा घनता व वेग यांचा गुणाकार असतो. ठरावीक मर्यादेपलीकडे घनता वाढली की प्रवाह घटतो.
• वाहने पुढे जातात, तर कोंडीची लाट मागे सरकते.
• चालकांच्या प्रतिसादातील विलंबामुळे, बाह्य अडथळा नसतानाही कोंडी होऊ शकते.
• भारतातील मिश्र वाहतूक प्रवासी मोटार या एककात मोजली जाते.
• वाहनांबरोबर माणसांचीही मोजणी झाली, तरच रस्त्याची रचना न्याय्य होते.

शब्दार्थ

खोळंबा – अडून राहणे. मार्गिका – रस्त्यावरील वाहनांची एक पट्टी. प्रारण – किरणांच्या रूपाने पसरणारी ऊर्जा. प्रतिमान – प्रत्यक्ष घटनेची अभ्यासासाठी केलेली सुलभ मांडणी. गृहीत – आधीच मान्य केलेली गोष्ट. एकक – मोजण्याचे परिमाण. पदपथ – पायी चालणाऱ्यांसाठीचा मार्ग.

वाक्प्रचार : मेटाकुटीला येणे – अतिशय त्रासून जाणे, जीव टांगणीला लागणे – अत्यंत काळजीची अवस्था होणे, वार्ताही नसणे – मुळीच ठाऊक नसणे.

पाठान्त स्वाध्याय

१. लाइटहिल आणि व्हिथम यांनी नदी व रस्ता यांचा एकत्र विचार का केला? नदीच्या उपमेची मर्यादा कोणती?
२. सुगियामा यांच्या प्रयोगाचे वर्णन आठ ते दहा वाक्यांत करा.
३. बैलगाडीचे मूल्य ८ असण्याचे कारण स्पष्ट करा.
४. ‘काय मोजायचे हे ठरविताच निम्मा निर्णय होऊन जातो’, या विधानाचा अर्थ उदाहरणासह लिहा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : सुरळीत, निर्धास्त, काटकसर, निःपक्षपाती.

उपक्रम

तुमच्या वस्तीजवळील रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर बसून पंधरा मिनिटांत जाणाऱ्या वाहनांची प्रकारानुसार नोंद करा. पाठातील मूल्ये वापरून एकूण एकके काढा. त्यानंतर प्रत्येक वाहनातील माणसांचा अंदाज घेऊन आणि पायी जाणाऱ्यांची संख्या मिळवून एकूण माणसे मोजा. दोन्ही नोंदींवरून त्या रस्त्यावर कोणती सुधारणा सर्वप्रथम व्हावी, याविषयी स्थानिक अधिकाऱ्यांना उद्देशून पत्र लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) आ (२) इ
प्रश्न २ : (१) चूक (२) चूक (३) बरोबर